तेल किती लागतं?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. मी कणीक भिजवत होते म्हणून ह्यांनी दार उघडलं, तर दारात एक मुलगी, बावीस-तेवीसची असेल, गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, पाठीवर सॅक आणि सॅकच्या बाजूच्या जाळीत पाण्याची बाटली, तळाशी दोन घोट उरलेले. सर्व्हेला आलेय म्हणाली. ह्यांचा चेहरा लगेच "आम्हाला काही घ्यायचं नाहीये" असा झाला. पण मला स्वयंपाकघरातून ती बाटली दिसली आणि मी तिथूनच ओरडले, अहो आत घ्या तिला, पंखा लावा आणि आधी पाणी द्या.

कारण मी स्वतः सात वर्षं हेच केलंय, 2006 ते 2013. पद काय तर फील्ड इन्व्हेस्टिगेटर. माझ्या आजीला शेवटपर्यंत वाटायचं की मी पोलिसात आहे. काम काय, तर एम.ए. झालेल्या पण सेट-नेट न झालेल्या माझ्यासारख्या पोरापोरींनी जीपमधून नाहीतर एस.टी.ने गावोगाव जायचं, यादीतलं घर शोधायचं, ओट्यावर बसायचं आणि कोणीतरी लांब बसून तयार केलेले प्रश्न विचारायचे. कधी अर्थशास्त्राचा प्रोजेक्ट, कधी बाळंतपणाचा, कधी पाण्याचा. विषय बदलायचे, ओटा तोच.

तर ती मुलगी बसली, पाणी प्यायली, आणि दहाव्या-बाराव्या मिनिटाला तिने विचारलं, "गेल्या सात दिवसांत खाण्याचं तेल किती लागलं?" हे तिसऱ्या सेकंदाला म्हणाले, "एक लिटर." असं ठाम, की जणू रोज मोजतात. मी आतून म्हटलं, "काहीतरीच काय, अर्ध्याच्या वर नाही जात." मग मला आठवलं की बुधवारी नणंद आली होती आणि भजी तळली होती. मग तेही वापरलेलं तेल डब्यात काढून ठेवलंय, ते धरायचं की नाही? ती पोरगी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत बोट टॅबवर अधांतरी धरून बसलेली. मला एकदम हसूही आलं आणि घशात काहीतरी अडकल्यासारखंही झालं.

तेलाचा प्रश्न हा आमच्या लाईनीतला सगळ्यात बदमाश प्रश्न. बीडकडच्या एका गावात एका आजीने मला ऐकवलं होतं, "आगं बाय, तेल काय मोजून खातोत का आमी? हाय तवर घालायचं, नसलं की नाय." त्यांचा हिशोब आठवडी बाजाराचा. या बाजारी पावशेर आणलं, पुढच्या बाजारी पैसे नव्हते, मग दुकानातून पाच रुपयाचं पिशवीत. आणि माझ्या शेड्यूलमध्ये, म्हणजे प्रश्नांच्या छापील फॉर्ममध्ये, चौकोन, त्यात किलो आणि ग्रॅम, आणि वर छापलेलं "गेल्या 30 दिवसांत". तीस दिवस ही गोष्ट पगारदार माणसाच्या डोक्यात असते हो. बाजाराच्या गावात महिना सोमवार ते सोमवार असा असतो.

आणि हा नुसता माझा वैताग नाही, याच्यावर देशात केवढं रामायण झालंय. आपल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली गरिबीचा हिशोब मांडला, माणसाला दिवसाला 2250 कॅलरी मिळायला किती पैसे लागतात ते बघून. 1960-61 च्या किमतीत खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस, आणि त्याच्या खाली खेड्यातली चाळीस टक्के आणि शहरातली पन्नास टक्के माणसं निघाली. हा सगळा डोलारा उभा कशावर, तर नॅशनल सॅम्पल सर्व्हे या सरकारी पाहणीच्या लोकांनी दारोदार जाऊन विचारलेल्या याच असल्या प्रश्नांवर. मग नव्वदच्या दशकात कोणाला तरी वाटलं की तीस दिवसांचं लोकांना आठवत नाही, सात दिवसांचं विचारून बघू. काही घरांत असं विचारलं, काही घरांत तसं. सात दिवसांच्या प्रश्नाला लोक इतकं जास्त खाणं सांगायला लागले की कागदावरची गरिबी जवळपास निम्म्यावर आली. नुसता प्रश्न बदलून! कोणाच्या ताटात एक भाकरी वाढली नाही.

पुढे तर आणखी मजा. 1999-2000 च्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच घरात, एकाच कागदावर, शेजारशेजारच्या रकान्यात विचारले. आता ज्याने आयुष्यात एकदाही शेड्यूल भरलंय तो सांगेल काय होणार ते. माणूस सात दिवसांचा आकडा सांगतो, मग तीस दिवसांचा विचारला की त्यालाच चारने गुणून मोकळा होतो, किंवा याच्या उलट. आणि विचारणाराही दुपारी दोनच्या उन्हात म्हणतो, बरोबर, चार आठवडे. त्या फेरीतून सरकारी गरिबी 36 टक्क्यांवरून 26 वर आली, आणि मग ती खरी आली का रकान्यांमुळे आली यावर मोठमोठे अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडत होते. मी ते सगळं नंतर, नोकरी सोडल्यावर वाचलं. वाचताना एकच वाटत होतं, एक दिवस आमच्या जीपमध्ये येऊन बसला असता तर भांडण अर्ध्यावर आलं असतं.

असो. अर्थशास्त्राचं मला फार कळत नाही, माझा जीव रमला तो बाळांच्या प्रोजेक्टमध्ये.

तिथे आमच्याकडे स्प्रिंगचा काटा, त्याला झोळी, उंची मोजायची फळी आणि दंडघेर मोजायची पट्टी. सकाळी निघताना काटा शून्यावर आहे का बघायचा, प्रत्येक घरी परत बघायचा. बाळाला झोळीत घातलं की ते वळवळतं, काटा नाचतो, आणि तो थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. सगळ्यात अवघड म्हणजे घरच्यांना पटवणं. वजन केलं की नजर लागते, बाळ झुरतं. एका सासूबाईंनी मला वजन करू दिलं पण आकडा मोठ्याने बोलू दिला नाही. मी नुसता लिहिला, दोन किलो चारशे, आणि त्यांनी लगेच बाळाच्या कानामागे काजळाचं बोट लावलं. मला ते इतकं पटलं! आकडा लिहिला तर चालेल, उच्चारायचा नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या लोकांनी असंच काम केलं, म्हणजे आमच्यापेक्षा कितीतरी पटीने बारकाईने. तिथल्या नवजात बाळांचं वजन सरासरी 2.7 किलो, आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं हडकुळी, पोट बारीक, स्नायू कमी, हे तर दिसतच होतं. पण कातडीखालची चरबी चिमट्याने मोजली तर ती मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे बारीक दिसणारं बाळ आतून लठ्ठ. पुढे याच धाग्यावर त्यांचा एक फोटो गाजला, 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, याज्ञिक आणि जॉन युडकिन हे दोन संशोधक शेजारीशेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. इंग्रज माणसाच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या माणसाच्या 21.2. मी हा फोटो आमच्या ह्यांना दाखवला तेव्हापासून ते "मी कुठे जाड आहे" हे वाक्य जरा दबक्या आवाजात म्हणतात.

पण मला त्या गावांच्या अभ्यासातलं जे सगळ्यात जास्त आवडतं ते वेगळंच आहे. गरोदरपणात ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जरा मोठी निघाली. आता हे आपली आजीही सांगते म्हणाल. सांगते, पण विचार करा, हे कळायला कोणीतरी शेकडो पोटुशा बायकांसमोर बसून विचारलं असणार ना, की मेथी किती वेळा, शेपू किती वेळा, पेरू खाल्ला का. आणि त्या बाईने खुरपं बाजूला ठेवून, डोक्यावरचा पदर सारखा करून, आठवून आठवून सांगितलं असणार. तिला त्यातून काय मिळालं? एवढ्यासाठी थांबली बिचारी. मला कितीतरी जणी अशा भेटल्या ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं की तू काय खाल्लंस. नवऱ्याने नाही, आईने नाही, मी विचारलं, तेही फॉर्ममध्ये होतं म्हणून.

गडचिरोलीचं काम मी बघितलं नाही, वाचलंय फक्त, पण आमच्या लाईनीत ते देवळासारखं होतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 1989 मध्ये दोन गावांतल्या 650 बायकांचा अभ्यास छापला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि तोपर्यंत जगात "गरीब बायकांचं आरोग्य" म्हणजे गरोदरपण आणि नसबंदी एवढंच चाललं होतं. मग न्यूमोनियाचं काम. तिथल्या दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी मण्यांचं यंत्र केलं. एका मिनिटाची वाळूची घडी उलटी करायची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दहापर्यंत सगळ्यांना येतंच. मला विचाराल तर हे यंत्र सुचणं हेच खरं डोकं. पीएचडी झालेल्या माणसाला दहापर्यंत उतरून विचार करता येणं काही सोपं नाही, मी बऱ्याच पीएचडी जवळून बघितल्यात.

आणि मग 1999 चा तो लॅन्सेटमधला पेपर. 39 गावांत गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची काळजी घरीच, अगदी जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसकट, आणि तुलनेसाठी 47 गावं. 39 गावांत हजार जिवंत जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यात जात होती ती 25 वर आली. आज आपल्या गल्लीत आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी झोळी-काटा घेऊन येते, त्याचं मूळ हे.

पण मी ओट्यावर बसलेली बाई ना, माझी नजर त्या 47 गावांवर जाते. तिथे नेहमीच्या सरकारी सेवा होत्या आणि मोजणी होती. आकडा तिथे 58 वरून 60 झाला, म्हणजे जिथल्या तिथे. मला मान्य आहे की ती गावं नसती तर 39 गावांचं कोणी खरं मानलं नसतं, त्या गावांमुळेच पुढे देशभर हे गेलं. मला सगळं मान्य आहे. तरी तिथे जन्ममृत्यूची वही घेऊन जो कोणी घरोघर जात असेल, त्याला त्या घरी चहा विचारला असेल का आणि त्याने तो घेतला असेल का, एवढं मला कळायला हवं होतं.

कारण मी ते काम केलंय. त्याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचं मराठी आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात "शाब्दिक शवविच्छेदन" असं केलं होतं, शब्द वाचूनच जेवण जाऊ नये. म्हणजे काय, तर घरी कोणी वारलं, डॉक्टरचा कागद नाही, तर काही महिन्यांनी जाऊन घरच्यांना विचारायचं, ताप होता का, किती दिवस, श्वास लागला का, छाती आत ओढली जात होती का, आणि त्यावरून दोन डॉक्टर कारण ठरवतात. एका वस्तीवर मी अशीच गेले. बाळ अकराव्या दिवशी गेलेलं. आई माझ्यापेक्षा लहान, एकोणीस-वीसची. तिने सगळं नीट सांगितलं, मी टिक करत गेले. फॉर्म संपला. मी उठले तर ती म्हणाली, "ताई, ते रडत नव्हतं ते लिवलं का? मी म्हनलं होतं यांना, रडत नाय म्हनून, कोनी ऐकलं नाय." फॉर्ममध्ये "रडणं बंद झालं का" असा प्रश्न होता, मी टिक केलं होतं. पण तिने आधी सांगितलं होतं आणि कोणी ऐकलं नाही, याला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं. डेटा एंट्रीवाला समासातलं टाईप करत नाही, हे मला माहीत होतं, तरी लिहिलं, तिच्यासमोर, तिला दिसेल असं मोठ्या अक्षरात.

या पद्धतीला मी नावं ठेवत नाहीये हं. देशात सापाने किती माणसं मरतात याचा दवाखान्यांच्या नोंदीतला आकडा अगदीच किरकोळ होता. घरोघर जाऊन असंच विचारल्यावर 2005 सालचा अंदाज निघाला सुमारे 46 हजार. दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत ते, वहीत येणार कुठून? कोणीतरी ओट्यावर बसल्याशिवाय ती माणसं मेलीच नव्हती, कागदावर तरी.

मधली दोन वर्षं मी पाण्याच्या प्रोजेक्टवर होते, तो सगळ्यात सुखाचा काळ. विहिरीला चहा विचारावा लागत नाही आणि विहीर खोटं बोलत नाही. टेप सोडायचा, ओला कुठपर्यंत झाला बघायचं, लिहायचं. तिथे आम्हाला तालुक्याच्या गावी एक काका भेटले, पावसाचं माप ठेवणारे. सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ, देशात सगळीकडे हीच वेळ, आदल्या चोवीस तासांचा पाऊस काचेच्या मापात ओतून बघायचा. अडीच मिलिमीटर झाला तर तो पावसाचा दिवस, खाली असेल तर नाही, मग तुम्ही भिजला असाल तरी नाही. मार्चमध्ये, एप्रिलमध्ये, जेव्हा आभाळात ढगाचं बोटुकही नसतं तेव्हाही काका मापक उघडून, आत वाकून बघून, वहीत 0.0 लिहायचे. मी विचारलं, काका, पाऊस नाही हे तर अंगणातूनच दिसतंय, मापक कशाला उघडता? ते म्हणाले, "न बघता लिहिलेलं शून्य वेगळं असतंय, ताई." अशा वह्यांमधले आकडे सिमला ऑफिसात जातात. पुणेकर त्या हवामान खात्याच्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात, 1928 मध्ये मुख्यालय सिमल्याहून इकडे आलं म्हणून. आता मंडळामंडळात आपोआप मोजणारी केंद्रं आलीत, फळपिकांच्या विम्याचे पैसेही त्यावर ठरतात, छानच आहे. काका आता नाहीत.

मला कधी कधी कोसंबींचा हेवा वाटतो. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्याचे, पुण्यात राहायचे आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे टीआयएफआर या संशोधन संस्थेत गणित करायला. त्यांनी तक्षशिलेच्या जुन्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांची वजनं केली, एकेक. हाताहातातून फिरून नाणं झिजतं, जितकं जास्त फिरलं तितकं हलकं, त्यावरून कुठलं आधीचं कुठलं नंतरचं ते ठरवायचं. आणि ही कल्पना बरोबर आहे का बघायला आधी आपल्या चालू बाजारातली नाणी तोलली, हजारोंनी. केवढा निवांत उद्योग! नाणं म्हणत नाही की सून शेतात गेलीय, उद्या या. नाणं विचारत नाही की याचं आम्हाला काय मिळणार.

हा प्रश्न मात्र मला प्रत्येक गावात आला. "हे लिहून काय होणार?" ट्रेनिंगमध्ये उत्तर शिकवलेलं, "या माहितीमुळे पुढे धोरण ठरवायला मदत होईल." मी ते वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की झोपेत उठवलं तरी येईल. एकाही गावात मी त्याच अभ्यासाचं उत्तर घेऊन परत गेले नाही. प्रोजेक्ट संपला की जीप परत. सरांचा पेपर यायचा, शेवटी बारीक अक्षरात "फील्ड स्टाफचे आभार", तेही सगळ्यात नाही.

आता ती मुलगी आमच्याकडे येऊन गेल्यापासून जे डोक्यात घोळतंय ते लिहूनच टाकते.

2010 चा जानेवारी. संस्थेचं नाव काय करायचंय, आता तिथे माझ्या ओळखीचं कोणी नाही. यादीत वीस घरं होती त्या गावातली आणि त्यातल्या सात घरांना कुलूप. ऊसतोडीला गेलेले सगळे, दिवाळीनंतर टोळी उचलली ती उन्हाळा लागल्यावर परत येणार. कुलूपबंद घराऐवजी दुसरं घर घ्यायचं तर सुपरवायझरला फोन करायचा, यादी परत काढायची, म्हणजे अजून एक दिवस, आणि फॉर्ममागे पैसे होते, दिवसामागे नाही. शेवटची एस.टी. साडेपाचची. फोनला रेंज नव्हती हे खरं, पण टेकाडावर चढले असते तर आली असती, हेही खरं.

मी शाळेमागच्या लिंबाखाली बसले आणि सातही फॉर्म भरले. आमच्यात याला "झाडाखालचा फॉर्म" म्हणतात, बॅक-चेकला, म्हणजे मागून कोणी तपासायला गेलं तेव्हा, सापडला तर नोकरी जाते. नावं, माणसं, मुलं, हे शेजारणीने सांगितलं, ते बरोबर होतं. पुढचं खाण्यापिण्याचं मी माझ्या मनाने लिहिलं. आता तुम्ही म्हणाल त्यात काय, वीसातले सात. पण ती सात कुठली होती? त्या गावातली सगळ्यात हातावरची. जी त्या वेळी सांगली-कोल्हापूरकडे कुठल्यातरी फडात, पाचटाच्या खोपीत, पहाटे तीनला उठून मोळ्या बांधत होती, ती माझ्या कागदावर आपापल्या घरात बसून, चूल पेटवून, वेळेवर जेवत होती.

खोटं लिहिताना माणूस जरा सढळ होतो, हे मला तेव्हा कळलं. सातही घरांना मी महिन्याला दोन-दोन किलो तेल दिलं. एका घरात तीन लहान मुलं होती, तिथे दूधही लिहिलं, रोज अर्धा लिटर.